दिवे हिरवे, इंटरफेस अप, पण पिंग जात नाही: वागळे ते रबाळे सिंक्रोनस लाइन

रबाळे_मेघना | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं फुटायची वेळ आली आहे, म्हणून इथे विचारते.

आमचा कारखाना रबाळ्याला एमआयडीसीत आणि डिझाइन-हिशेबाचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. दोन्हींच्या मध्ये २ एमबीची (सेकंदाला २ मेगाबिटची) जुनी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी भाड्यानं घेतलेली तार आहे, तांब्याच्या जोडीवरची. इंटरनेट दोन्हीकडे फायबरवर आलंय, पण मशीनच्या कंट्रोलरचा डेटा इंटरनेटवरून न्यायला मालक तयार नाहीत, म्हणून ही लाइन अजून ठेवली आहे. वागळेच्या टोकाला राउटर नाही. एक लिनक्सचं मशीन, त्यात सिंक्रोनस सिरियलचं पीसीआय कार्ड, तिथून व्ही.३५ केबल मोडेमला. माझ्या आधीच्या माणसानं हे लावलं आणि काही लिहून न ठेवता तो दुसरीकडे गेला.

जूनच्या शेवटच्या पावसात रबाळ्याचा राउटर जळाला. कंत्राटदारानं त्या जागी दुसऱ्या कंपनीचा बसवला. तेव्हापासून दोन्ही मोडेमवर दिवे हिरवे, माझ्या मशीनवर इंटरफेस अप, कॅरिअर आहे, पण एकही पिंग जात नाही. कंत्राटदार म्हणतो लाइन खराब. लाइनमन दोनदा येऊन गेला, लूप टाकून बघितलं, म्हणाला तुमची लाइन स्वच्छ आहे. दोघांच्या मधे मी. शुक्रवारपासून पेन ड्राइव्हमध्ये प्रोग्राम घेऊन ठाणे-वाशी लोकलनं फेऱ्या मारतेय.

मशीनवरचे आकडे असे: आलेली पॅकेट ४१२, एरर ४१२, सीआरसी एरर ०, फ्रेम एरर ०. आधीच्या माणसाच्या स्क्रिप्टमध्ये सेटएचडीएलसीची (सिरियल कार्डाचा प्रोटोकॉल ठरवणाऱ्या कमांडची) एक ओळ आहे, तिच्यात सिस्को, इंटरव्हल १०, टाइमआउट २५ असं लिहिलंय. कुठून सुरुवात करू?

वागळे१६ | सोमवार, रात्री १०:५०

मेघना, लाइनमनचं बरोबर आहे. तुमच्या आकड्यांतच ते दिसतंय.

सिंक्रोनस लाइनवर प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे बाइटांच्या एका गठ्ठ्याच्या, शेवटी सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा असतो. तो पाठवणाऱ्याचं कार्ड काढतं आणि घेणाऱ्याचं कार्ड पडताळतं. तांब्यात पाणी शिरलं, जोडी बदलली, क्लॉक घसरला, तर सगळ्यात आधी सीआरसी एरर किंवा अर्धवट तुटलेल्या फ्रेम दिसतात. तुमच्याकडे दोन्ही शून्य. म्हणजे रबाळ्याहून निघालेला प्रत्येक बिट वागळेला जसाच्या तसा पोचतोय. तरी ४१२ पैकी ४१२ एरर. याचा अर्थ फ्रेम धडधाकट आली, कार्डानं ती कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) दिली आणि कर्नलनं पहिले बाइट बघून टाकून दिली.

लिनक्समध्ये हे काम तीन जागी वाटलेलं आहे. खाली कार्डाचा ड्रायव्हर. त्याच्या वर क्शिश्तोफ हावासा यांनी लिहिलेला जेनेरिक एचडीएलसीचा थर (एचडीएलसी म्हणजे सिंक्रोनस तारेवर फ्रेमची चौकट आखायची पद्धत). आणि त्यात सिस्को, पीपीपी, फ्रेम रिले, एक्स.२५ अशी वेगवेगळी मॉड्यूलं. आयपी पॅकेटच्या पुढे कोणतं हेडर लावायचं आणि आलेल्या फ्रेमवर कोणतं हेडर अपेक्षित धरायचं, हे ते मॉड्यूल ठरवतं. तुमचं मॉड्यूल सिस्कोचं आहे. ते पहिला बाइट ०एफ किंवा ८एफ (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत) आहे का एवढं बघतं. नसेल तर फ्रेम एररच्या खात्यात. तुमची ४१२ तिथेच गेली असणार.

टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) त्या इंटरफेसवर लावा, हेक्समध्ये, आणि येणाऱ्या दोन-तीन फ्रेमचे सुरुवातीचे वीस बाइट इथे टाका. लाइनला हात लावू नका.

श्रेयस_ऐरोली | सोमवार, रात्री ११:२०

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एचडीएलसी परीक्षेपुरतं शिकवलं, ०१११११०, बिट स्टफिंग वगैरे. पण ते नेमकं कोण करतं, कार्ड की ऑपरेटिंग सिस्टिम? आणि पुस्तकात अॅड्रेस, कंट्रोल, डेटा, एफसीएस (म्हणजे तो सीआरसीच) एवढंच आहे. मग आयपी आहे की आणखी काही, हे घेणाऱ्याला कळतं कसं?

वागळे१६ | मंगळवार, सकाळी ६:४०

श्रेयस, आधी एक दुरुस्ती. फ्लॅग आठ बिटांचा असतो, ०११११११०. मधे सहा एक. तू एक कमी लिहिलास आणि सगळी गंमत त्या सहाव्या एकातच आहे.

साध्या सिरियल पोर्टवर प्रत्येक बाइटला स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट लागतो, आठ बिटांसाठी दहा पाठवावे लागतात. सिंक्रोनस लाइनवर क्लॉक वेगळ्या तारेनं किंवा मोडेमकडून येतो, त्यामुळे तसल्या खुणा लागत नाहीत, बिटांचा अखंड ओघ चालू राहतो. मग फ्रेम कुठे सुरू झाली हे कळायला हवं, म्हणून फ्लॅग. आणि डेटामध्ये चुकून फ्लॅगसारखा नमुना येऊ नये म्हणून लागोपाठ पाच एक गेले की पाठवणारा एक शून्य घुसवतो. घेणारा पाच एकानंतरचा शून्य काढून टाकतो. पाचानंतर सहावा एक आणि मग शून्य आला तर तो फ्लॅग. सात किंवा जास्त एक आले तर फ्रेम सोडून दिली असा अर्थ.

हे सगळं कार्डावरची चिप करते. माझ्या नोकरीच्या काळात हिताचीची एचडी६४५७० फार दिसायची, नंतर पीसीआय कार्डांवर ६४५७२. फ्लॅग, स्टफिंग, सीआरसी तिच्याकडे. कर्नलला यातला एकही बिट दिसत नाही, त्याला नुसते बाइट मिळतात.

स्टफिंगचा भुर्दंड किती ते स्वतः मोजून बघ. पीपीपीचं हेडर एफएफ ०३ असं सुरू होतं. लाइनवर प्रत्येक बाइटचा सगळ्यात हलका बिट आधी जातो, म्हणून तारेवर आठ एक, मग आणखी दोन एक, मग सहा शून्य असं दिसेल. लागोपाठ दहा एक झाले. पाचव्यानंतर एक शून्य घुसतो, दहाव्यानंतर आणखी एक. सोळा बिटांचे अठरा झाले. सिस्कोचं ०एफ ०० घेतलंस तर चार एक, मग बारा शून्य. स्टफिंगची वेळच येत नाही. कागदावर पेन्सिलनं काढ, पक्कं बसेल.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा आहे. आयएसओच्या एचडीएलसीत आत काय भरलंय हे सांगणारी जागाच नाही. ते आयबीएमच्या एसडीएलसीवरून आलं. तेव्हा एका तारेवर एकाच प्रकारचा संवाद असायचा, जागा लागलीच नाही. पुढे एकाच लाइनवर आयपी, आयपीएक्स, ॲपलटॉक असं सगळं नेण्याची गरज पडली आणि प्रत्येक राउटर कंपनीनं आपापलं खूणपत्र चिकटवलं. सिस्कोनं अॅड्रेस, कंट्रोल आणि मग दोन बाइटांचा प्रकार ठेवला, इथरनेटमध्ये असतो तोच. आयपीसाठी ०८००. म्हणून एकाच कंपनीचे दोन राउटर समोरासमोर ठेवले की काही न सांगता चालायचे आणि वेगळ्या कंपनीचा आला की गप्प.

यावर सगळ्यांना मान्य होईल असा तोडगा म्हणून पीपीपी आलं. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १६६१, जुलै १९९४, संपादक विल्यम सिम्पसन. एचडीएलसीसारखी चौकट कशी करायची ते पुढच्याच आरएफसी १६६२ मध्ये. तिथे हेडर एफएफ ०३ आणि मग दोन बाइटांचा प्रोटोकॉल क्रमांक. आयपीसाठी ००२१.

तारेवर दोन्ही एचडीएलसी. फ्लॅग तोच, सीआरसी तोच. म्हणून दोन्हीकडचे दिवे हिरवे. फरक फक्त पहिल्या चार बाइटांत.

तुर्भेकर | मंगळवार, सकाळी ९:०५

काकांचं वाचून ट्रेनमध्येच मोबाइलवर लिहितोय. मी महापेला डेटा सेंटरमध्ये आहे. सिस्कोच्या राउटरवर सिरियल इंटरफेसला काही न सांगितलं तर तो स्वतःचं एचडीएलसी धरतो. बऱ्याच इतर कंपन्यांचे राउटर काही न सांगितलं तर पीपीपी धरतात. मेघना, तुमचा जळालेला राउटर सिस्कोचा असणार, म्हणून जुन्या स्क्रिप्टमध्ये तो शब्द आहे. नवा पीपीपी बोलतोय यावर मी पैज लावतो. तसं निघालं तर लिनक्सच्या बाजूला सिस्कोच्या जागी पीपीपी लिहा, काम झालं. फक्त इंटरफेस आधी खाली पाडा, चालू असताना तो प्रोटोकॉल बदलू देत नाही.

रबाळे_मेघना | मंगळवार, दुपारी १:३०

डंप घेतला. दर तीन सेकंदांनी एक फ्रेम येते, सगळ्या जवळपास सारख्या. त्यातली एक जशीच्या तशी:

एफएफ ०३ सी० २१ ०१ ४२ ०० ०एफ ०३ ०५ सी२ २३ ०५ ०५ ०६ ४७ १९ ९० ६३

तुर्भेकर, तुम्ही पैज जिंकलात, पहिले दोन बाइट एफएफ ०३ च आहेत. चार दिवस जे लाइनवर ढकललं जात होतं ते पहिल्या दोन बाइटांत लिहिलेलं होतं. मला आधी डंप घ्यायचं सुचलंच नाही, कारण सगळे तारेकडे बोट दाखवत होते.

मग इंटरफेस खाली पाडून पीपीपी लावलं. आता एरर वाढत नाहीत, पण पिंग अजूनही नाही. आता माझ्या बाजूनंही फ्रेम जातात. त्यातली एक:

एफएफ ०३ सी० २१ ०४ ७१ ०० ०९ ०३ ०५ सी२ २३ ०५

येणं आणि जाणं असंच चालू आहे, पुढे सरकत नाही.

कोपरीकर | मंगळवार, दुपारी २:१५

मेघनाताई, हे दोन डंप बघून राहवलं नाही. मी बीएसडीवाला (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, पण बाइट सगळीकडे सारखेच.

पहिला डंप वाचू. एफएफ ०३ पीपीपीचं नेहमीचं. सी०२१ म्हणजे एलसीपी, लिंकच्या अटी ठरवणारा प्रोटोकॉल. ०१ म्हणजे कॉन्फिगर-रिक्वेस्ट, "मला या अटी हव्यात". ४२ हा त्या मागणीचा क्रमांक. ०००एफ म्हणजे लांबी १५. पुढच्या अटी दोन. शेवटची ०५ ०६ आणि चार बाइट, तो मॅजिक नंबर, लाइन लूपमध्ये अडकून स्वतःचाच आवाज ऐकू येतोय का हे ओळखायला. लाइनमननं लूप टाकला होता ना, तसल्या वेळी पीपीपीला स्वतःचाच नंबर परत येताना दिसतो आणि ते सावध होतं.

घोटाळा पहिल्या अटीत आहे. ०३ ०५ सी२ २३ ०५. तीन क्रमांकाची अट म्हणजे ओळखपत्र दाखवा. सी२२३ म्हणजे चॅप, शेवटचा ०५ म्हणजे एमडी५. नवा राउटर म्हणतोय की आधी पासवर्डनं ओळख पटव, मग आयपीचं बोलू.

दुसऱ्या डंपमध्ये तुमचं मशीन काय उत्तर देतंय बघा. ०४ म्हणजे कॉन्फिगर-रिजेक्ट, आणि त्याच्या पोटात तीच पाच बाइटांची अट जशीच्या तशी परत. "हे मला जमत नाही." तो पुन्हा मागतो, हे पुन्हा नाकारतं.

वागळे१६ | मंगळवार, दुपारी ३:००

कोपरीकर, सुरेख वाचलंत. आणि लिनक्सचं मशीन खरं तेच बोलतंय. जेनेरिक एचडीएलसीतल्या पीपीपी मॉड्यूलमध्ये पॅप (ओळख पटवायची आणखी एक पद्धत) किंवा चॅप नाहीच. एलसीपी, आयपीसाठी आयपीसीपी आणि आयपीव्ही६ साठी त्याचा भाऊ, एवढंच. मोडेमनं डायल करायच्या जमान्यात पीपीपीडी नावाचा प्रोग्राम ओळख पटवण्याचं काम करायचा, तो वेगळा. हे कर्नलमधलं मॉड्यूल मुद्दाम छोटं ठेवलंय.

कोपरीकर | मंगळवार, दुपारी ३:२०

बीएसडीत हे थोडं वेगळं आहे. तिथे एसपीपीपी नावाचा थर आहे, त्यात मुळात सिस्को एचडीएलसी आणि पीपीपी दोन्ही एकाच फाइलमध्ये होती, आणि पॅप, चॅप कर्नलच्या आतच. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीमध्ये घरच्या फायबरसाठी जे पीपीपीओई (इथरनेटवरून नेलेलं पीपीपी) वापरतो ते याच थरावर उभं आहे. श्रेयस, तुझ्या घरी एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ दिसत असेल तर तो का ते यातून कळेल. इथरनेटचे १५००, त्यातून पीपीपीओईच्या हेडरचे ६ आणि पीपीपीच्या प्रोटोकॉल क्रमांकाचे २ गेले. एफएफ ०३ तिथे पाठवतच नाहीत, कारण ती जागा सिरियल तारेसाठी होती. म्हणजे १९९४ ची चौकट १९९९ मध्ये इथरनेटवर चढली आणि आज तुझ्या भिंतीवरच्या डब्यात चालू आहे.

श्रेयस_ऐरोली | मंगळवार, दुपारी ४:४५

आमच्याकडे १४९२ च आहे! आत्ता बघितलं. आणि एफएफ ०३ चं स्टफिंग पेन्सिलनं काढलं काका, अठरा बिट आले.

खारीगाव_संदेश | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

थोडं अवांतर, पण याच जातीचं. वीस वर्षांपूर्वी आम्ही फ्रेम रिलेवर (टेलिफोन कंपनीच्या स्विचमधून जाणाऱ्या सामायिक जाळ्यावर) होतो. तिथे तर दिवे हिरवे असून तीन वेगळ्या भाषा होत्या. एलएमआयचा (लिंकची हालहवाल स्विचशी बोलण्याचा) निरोप अॅन्सी आणि सीसीआयटीटीच्या पद्धतीत शून्य क्रमांकाच्या डीएलसीआयवर (वाहिनीवर) जायचा, सिस्कोच्या पद्धतीत १०२३ वर. एका बाजूला चुकीचा प्रकार लावला की स्विचला तुमची हाकच ऐकू यायची नाही, आणि सगळे मोडेम बदलत बसायचे. आम्ही दोन मोडेम बदलले होते.

तुर्भेकर | मंगळवार, रात्री ९:३०

मी घाईनं "काम झालं" लिहिलं ते चुकलं. डंप पूर्ण वाचायला हवा होता, फक्त पहिले दोन बाइट नाही.

आता रस्ते दोन. राउटरवर चॅप काढायचा आणि पीपीपी ठेवायचं, किंवा राउटरलाच एचडीएलसी लावायचं आणि लिनक्स पुन्हा सिस्कोवर न्यायचं. माझं मत पीपीपी ठेवा. ते कुठल्या एका कंपनीचं नाही. उद्या पुन्हा राउटर जळाला तर जो येईल तो पीपीपी बोलेलच.

वागळे१६ | बुधवार, सकाळी ६:५५

तुर्भेकर, तत्त्व म्हणून तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण मी मेघनाच्या जागी असतो तर एचडीएलसीकडे वळलो असतो. दोन टोकं, दोन्ही आपली, मध्ये भाड्याची तार. वाटाघाटी करायच्या कुणाशी? पीपीपीमध्ये एलसीपी जमायला हवं, मग आयपीसीपी जमायला हवं, कुठेही अडकलं तर पुन्हा डंप. सिस्कोच्या पद्धतीत वाटाघाटच नाही. दोन्ही बाजू दर १० सेकंदांनी एक छोटी कीपअलाइव्ह फ्रेम पाठवतात, तिच्यात माझा क्रमांक आणि तुझा शेवटचा ऐकलेला क्रमांक. माझा क्रमांक परत आला की मला कळतं की तू मला ऐकतोस. तुमच्या स्क्रिप्टमधलं १० आणि २५ तेच आहे, दर १० सेकंदांनी पाठव आणि २५ सेकंद काही आलं नाही तर लिंक पडली समज. आणि बऱ्याच कंपन्यांच्या राउटरवर नुसतं एचडीएलसी लिहिलेलं असलं तरी आत सिस्कोचंच रूप असतं.

एक काळजी घ्या. कंत्राटदारानं राउटरवर कीपअलाइव्ह बंद केला तर त्याच्याकडे लाइन कायम अप दिसेल आणि तुमची २५ सेकंदांत पडेल आणि पडलेलीच राहील. तेव्हा पुन्हा लाइनवर खापर फुटेल.

आणि क्लॉक तपासून ठेवा. मोडेम क्लॉक देतोय, म्हणून कार्ड आणि राउटर दोन्ही एक्स्टर्नलवर. नव्या राउटरवर कुणी इंटर्नल ठेवला असता तर तुमचा सीआरसी शून्य राहिलाच नसता, म्हणजे सध्या ठीक असणार. तरी डोळ्यांनी बघा.

रबाळे_मेघना | गुरुवार, रात्री ८:२०

आज कंत्राटदाराच्या माणसाच्या शेजारी उभी राहिले. तो आधी म्हणाला की लाइन बदलून घ्या. मी दोन्ही डंप छापून नेले होते. एफएफ ०३ आणि सी२ २३ वर पेनानं गोल केले होते. तो मुलगा समजूतदार निघाला, पाच मिनिटं कागद वाचला आणि म्हणाला, "मॅडम, हा चॅप आमच्या ऑफिसच्या तयार कॉन्फिगमधून आलाय, आम्ही सगळीकडे तेच टाकतो." त्यानं पीपीपी काढून एचडीएलसी लावलं, कीपअलाइव्ह १० ठेवला, क्लॉक मोडेमकडून आहे हे दाखवलं. वागळेला फोनवर आमच्या अकाउंटंट काकूंकडून मी स्क्रिप्ट जुन्या ओळीवर परत आणली. इंटरफेस खाली, सिस्को, इंटरफेस वर.

काकू फोनवर स्क्रीन वाचून दाखवत होत्या. कर्नलच्या लॉगमध्ये लिंक अप आलं आणि कंसात समोरचा राउटर किती वेळ चालू आहे तेही. ० दिवस, ३ तास, १२ मिनिटं. मुलानं घड्याळ बघितलं, सकाळी वीज गेली होती तेव्हापासून बरोबर तेवढेच झाले होते. रबाळ्यातल्या राउटरचं वय वागळेतल्या मशीननं सांगितलं. पिंग ६ मिलिसेकंद. आठवड्यानं पहिल्यांदा.

मोठं पॅकेट पण पाठवून बघितलं, १५०० चं, अठरा-एकोणीस मिलिसेकंद. काका, हे ठीक आहे ना?

वागळे१६ | गुरुवार, रात्री ९:००

अगदी ठीक. १५०० बाइट, त्यावर ४ चं हेडर, २ सीआरसी, १ फ्लॅग, झाले १५०७. २ एमबीच्या लाइनवर ते उतरायलाच सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. जाताना ६, येताना ६, वर तुमचं छोट्या पिंगचं ६. हिशेब जुळला. हेच ६४ केबीच्या लाइनवर एका दिशेला १८८ झाले असते. आम्ही तसल्या लाइनींवर बँका चालवल्यात.

श्रेयस_ऐरोली | गुरुवार, रात्री ९:४०

मेघनाताई, असं कार्ड आणि व्ही.३५ केबल मी फक्त चित्रात बघितलीय. वागळेला येऊन बघता येईल का?

रबाळे_मेघना | शुक्रवार, सकाळी ८:१५

शनिवारी ये, दुपारी दोनपर्यंत मी आहे. कनेक्टर तुझ्या मुठीएवढा आहे, ३४ पिनांचा, दोन स्क्रूंनी आवळलेला. येताना पेन्सिल घेऊन ये. रॅकच्या दाराच्या आत एक कागद लावतेय, त्यावर दोन्ही टोकांचा प्रोटोकॉल, कीपअलाइव्ह, क्लॉक आणि चांगल्या फ्रेमचे पहिले चार बाइट लिहायचेत. ०एफ ०० ०८ ०० मी लिहिते, कीपअलाइव्हचे ८एफ ०० ८० ३५ तू डंप घेऊन तपासून लिही.